नाईकाच्या मशीनवरचा रुमाल

दारव्ह्यात नेमसिंग राठोडला दोन नावं आहेत. ज्यांच्या ऑफिसातलं नेट चालू आहे ते त्याला नेमसिंगभाऊ म्हणतात, आणि ज्यांचं बंद पडलं आहे ते तारवाला म्हणतात. तो दोन्हीला ओ देतो. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दहा बाय बाराचं दुकान आहे. आत निळ्या तारेची बंडलं, भिंतीवर सेवालाल महाराजांचा फोटो आणि टेबलावर तारेचं टोक दाबायचा चिमटा, एवढीच मालमत्ता. घरात आणि ऑफिसात चार मशीन असतील तर त्या एकमेकींशी बोलत्या करणं हा त्याचा धंदा.

या धंद्यात एकोणीस वर्षं काढल्यावर त्याचं एक मत झालं होतं. जगात माणसं एकाच प्रकारची असतात, लॅन, म्हणजे घरातल्या घरातलं जाळं, आणि इंटरनेट यांतला फरक न कळणारी. त्यात वकील आले, डॉक्टर आले, पतसंस्थेचे मॅनेजर आले. शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरवर कागद निघाला नाही तरी ते नेटच्या कंपनीला शिव्या घालत, आणि कंपनीनं फोन उचलला नाही की नेमसिंगला.

समजावून सांगायची त्याची एक ठरलेली रीत होती. तो समोरच्याला विचारी, बंजाऱ्यांचा तांडा पाहिला आहे का? पाहिलेला असो वा नसो, पुढं तो तांडाच सांगे. तांड्यात घरं असतात, तशा ऑफिसात मशीन. प्रत्येक घराला नंबर. मध्ये चौक असतो, तो म्हणजे स्विच. कोणाची चिठ्ठी आली की चौक तिच्यावरचा नंबर पाहतो आणि त्याच घरी पाठवतो, गावभर वाटत नाही. बाहेर जायला एकच वेस असते, ती राउटर. आता शेजारणीकडून वाटीभर तेल आणायला कोणी वेशीबाहेर जाऊन दारव्ह्याच्या बाजारातून फिरून येतं का? नाही. तसंच, घरातल्या घरात कागद छापायला इंटरनेट लागत नाही. नंबर एकपासून दोनशे चोपन्नपर्यंत देता येतात. दोनशे पंचावन्न हा कोणाचाच नंबर नाही, ती सगळ्या तांड्याला एकदम मारलेली हाळी.

एका वकिलानं हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि शेवटी विचारलं, म्हणजे नेट गेलं तरी प्रिंट निघेल? नेमसिंग म्हणाला, निघेल. वकील म्हणाला, कशी काय? नेमसिंगनं पुन्हा तांड्यापासून सुरुवात केली.

एका डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर होतं. कोणा हौशी माणसानं दोन्हीकडे एकच चौक करून ठेवला होता. पेशंटचे रिपोर्ट वरच्या प्रिंटरवर निघत आणि डॉक्टरांच्या सासूबाई ते मन लावून वाचत. महिनाभरानं बाजारात अर्ध्या दारव्ह्याला पथ्य सांगू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी नेमसिंगला बोलावलं. त्यानं खालचं वरचं वेगळं केलं. डॉक्टर खूश झाले. सासूबाई त्याच्याशी आजतागायत बोललेल्या नाहीत.

तर असा हा नेमसिंग. राहायला मात्र तो अजून तांड्यातच होता, दारव्ह्याहून आर्णीकडे जाताना लागणाऱ्या टेकडी तांड्यात. रोज सकाळी मोटरसायकलनं यायचं, संध्याकाळी परत. बाप पूनमसिंग गेल्यावर त्यानं आपल्या वाटणीची तीन एकर जमीन भावाला देऊन दुकान टाकलं, तेव्हा तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, धावजी यांनी चारचौघांत एवढंच विचारलं होतं, की तार पेरून काय उगवते? त्या दिवसापासून नाईक त्याच्या उंबऱ्यावर आले नव्हते. वैर म्हणावं असं काही नव्हतं. रस्त्यात रामराम होत असे, फक्त घरी येणं नव्हतं.

एरवी हे चालून गेलं असतं. पण नेमसिंगची मुलगी पुष्पा पुसदच्या एका दवाखान्यात नर्स होती, आणि तिला महागावकडच्या एका तांड्यातलं चांगलं स्थळ आलं. सगाई रविवारची ठरली. या तांड्यात सगाईचा गूळ नाईकाच्या हातानं फुटतो आणि नाईकाच्या हातानंच वाटला जातो. त्याशिवाय ती सगाई कोणी धरत नाही, मुलाकडचे तर नाहीच नाही. कारभारी फुलचंद, म्हणजे तांड्यात नाईकाच्या खालचा माणूस, निरोप घेऊन गेला. नाईक म्हणाले, पाहू.

धावजी नाईकांच्या ‘पाहू’चा अर्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांत कोणाला लागला नव्हता. त्यांच्या बायकोलाही नाही, आणि ती आता हयात नव्हती.

हंसाबाईला, म्हणजे नेमसिंगच्या बायकोला, दुसरीही एक हुरहुर होती. नाईकांच्या बायकोनं, जमनीयाडीनं, तरुणपणी एक रुमाल भरला होता. लाल कापड, त्यावर पिवळा-हिरवा कशिदा, कडेनं आरसे आणि कवड्या. तांड्यातल्या प्रत्येक सगाईत गुळाच्या ताटावर तोच रुमाल पडायचा. हंसाबाईच्या सगाईतही तोच होता. पण गेल्या आठ महिन्यांपासून तो रुमाल कॉम्प्युटरवर होता, आणि तिथून तो मागायची कोणाची छाती नव्हती.

तो तिथं कसा गेला, यात नेमसिंगचा हात होता.

आठ महिन्यांपूर्वी तांड्यातल्या शेतकऱ्यांनी आपली कंपनी काढली. समाजमंदिरालगतच्या खोलीत ऑफिस, मागं सोयाबीनचं गोदाम. पाच मशीन, एक प्रिंटर. ऑफिस सांभाळायला कौसल्या, बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, दोन लेकरांची आई आणि कोणाला न भिणारी. काम नेमसिंगलाच द्या, हे तिनंच बैठकीत लावून धरलं. एकोणीस वर्षांत तांड्यानं त्याला दिलेलं ते पहिलं काम. नेमसिंगनं भिंतीतून अशी सरळ तार नेली, की दारव्ह्याच्या कोणत्याही साहेबाकडे नेली नसेल.

नंबर द्यायची वेळ आली तेव्हा फुलचंदनं हळूच सांगितलं, की मानपान पाहून दे. नेमसिंगला सांगायची गरज नव्हती. तांड्यात पहिला मान नाईकाचा, दुसरा कारभाऱ्याचा, मग बाकीचे. एक नंबर सहसा राउटरचा असतो, तो बनतो त्या कारखान्यातूनच तसा येतो. पण वेशीला एक नंबर आणि नाईकाला दोन, हे त्याच्यानं झालं नसतं. त्यानं राउटरला एकवरून उचललं आणि पार शेवटी, दोनशे चोपन्नवर नेऊन बसवलं. एक नंबर नाईकाच्या मशीनला दिला. सगळ्या मशीनना सांगून ठेवलं, की बाहेर जायची वेस दोनशे चोपन्नला आहे. यात शास्त्राच्या विरुद्ध काही नव्हतं. सगळं झकास चाललं.

उद्घाटनाला नाईक आले. नेमसिंगनं त्यांना सांगितलं, बापू, तुमची मशीन एक नंबर. नाईकांनी एक बटण दाबलं, पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग खांद्यावरच्या पिशवीतून रुमाल काढला आणि आपल्या हातानं मशीनवर पांघरला. जाताना त्यांनी नेमसिंगकडे पाहून मान हलवली. नेमसिंगनं ही गोष्ट हंसाबाईला त्या दिवशी चार वेळा सांगितली.

तेव्हापासून ऑफिसची रीत पडली. सकाळी कौसल्या आधी नाईकाची मशीन सुरू करी, तिला उदबत्ती ओवाळी, मग बाकीच्या. नाईक महिन्यातून एकदा येत. ते आले की रुमाल निघे, गेले की पुन्हा पडे. ते नसताना रुमालाला हात लावायचा नाही, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मशीन दिवसभर रुमालाखाली चालू असे आणि काहीही करत नसे.

सगाईच्या आधीच्या बुधवारी ऑफिसचं नेट गेलं. सोयाबीनच्या हमीभावाच्या नोंदणीचे दिवस होते. कौसल्यानं नेमसिंगला फोन केला, तर तो आर्णीत एका दवाखान्याच्या तारा ओढत होता आणि शुक्रवारशिवाय सुटत नव्हता. शुक्रवारी सकाळी तो पोचला, तेव्हा ओट्यावर चाळीस माणसं सातबारा आणि आधार कार्ड घेऊन बसली होती. नोंदणीचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी त्याला रामराम केला नाही. तारवाला आला, एवढं कोणीतरी म्हणालं.

नेमसिंगची सवय अशी, की आधी तार. त्यातून मागं सोयाबीनचं गोदाम, म्हणजे उंदीर आलेच. त्यानं एकेक तार टेस्टरला लावली. प्रत्येक वेळी आठही दिवे लागले, म्हणजे तार धड होती. त्यानं टोकं कापून नवी दाबली. स्विच बदलला. तीन तास गेले. गंमत अशी, की प्रिंटर चालत होता, मशीन एकमेकींशी बोलत होत्या, तांड्यात सगळं ठीक होतं, फक्त वेशीबाहेर कोणाला जाता येत नव्हतं. फुलचंदच्या मोबाइलवर मात्र वायफायनं नेट येत होतं, मधूनच जात होतं, पुन्हा येत होतं.

त्यानं कौसल्याच्या मशीनवरून दोनशे चोपन्नला हाक मारून पाहिली. उत्तर नाही. एकला मारली. एकनं ओ दिली. नाईकाची मशीन चालू आहे, एवढाच त्यानं अर्थ घेतला. राउटर जळला असं समजून, नवा आणायचा तर मॉडेल कोणतं, म्हणून त्यानं राउटर उलटा केला. खालच्या चिठ्ठीवर कंपनीनं छापलेला पत्ता होता, आणि त्याच्या शेवटी एक.

मग त्यानं विचारलं, याच्या मागचं बारीक बटण कोणी दाबलं होतं का? कौसल्या म्हणाली, नाही. फुलचंदनं घसा साफ केला. बुधवारी त्यानं नेटच्या कंपनीला फोन लावला होता. तिकडच्या माणसानं सांगितलं की पिनेनं मागचं बटण दहा सेकंद दाबा, मग मोबाइलवर नाव-पासवर्ड भरा. त्यानं दाबलं, भरलं, मोबाइलवर नेट आलं. काम फत्ते झालं म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नाही.

बटण दाबल्याबरोबर राउटर नेमसिंगनं शिकवलेलं सगळं विसरला होता आणि आपल्या जन्माच्या जागेवर, एक नंबरवर येऊन बसला होता. तिथं आधीच नाईक होते. एका नंबरची दोन घरं झाली. चिठ्ठी कधी याच्याकडे जाई, कधी त्याच्याकडे. आणि बाकीच्या मशीन दोनशे चोपन्नचं दार ठोठावत बसल्या होत्या, जिथं आता कोणी राहत नव्हतं.

चूक फुलचंदची नव्हती. चूक आठ महिन्यांपूर्वीची होती आणि ती नेमसिंगनं मोठ्या प्रेमानं केली होती.

दुरुस्त करायचं तर आधी नाईकाची मशीन बाजूला काढायला हवी होती. स्विचमधून तिची तार उपटली असती तरी भागलं असतं. नेमसिंगनं हात नेलाही. तारेवर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती, ‘१ नाईक’. फुलचंद म्हणाला, ती नको. बापूंना विचारल्याशिवाय नको. ओट्यावरच्या चाळीस जणांनाही ते पटलं. नोंदणीचा शेवटचा दिवस त्यांचाच होता, तरी पटलं. नाईकांना बोलवायला माणूस गेला.

धावजी नाईक पांढऱ्या पागोट्यात, काठी टेकत आले. खुर्ची पुढं झाली. कौसल्यानं रुमाल काढला. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली होती, हा पत्ता दुसरं कोणी वापरत आहे म्हणून. बुधवारपासून मशीन सुरू झाली की ती येत होती. तीन दिवस मशीन ओरडून सांगत होती आणि तीन दिवस तिच्या तोंडावर रुमाल होता.

“काय झालतं?” नाईकांनी विचारलं.

पुढचं सगळं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत झालं. इथं वऱ्हाडीत दिलं आहे, वाचणाऱ्याची पंचाईत नको म्हणून.

नेमसिंगला भीती वाटत होती, आणि ती नाईकांची नव्हती, रविवारची होती. नेटच्या कंपनीचा फॉल्ट होता, असं म्हणायचं की झालं. हे वाक्य त्यानं दारव्ह्यात शेकडो वेळा वापरलं होतं, ते जिभेवर तयारच होतं. राउटर पुन्हा दोनशे चोपन्नला नेऊन बसवायचा आणि घरी जायचं. पण फुलचंदकडे पीन होती. बटण तिथंच राहणार होतं. आज ना उद्या कोणीतरी ते पुन्हा दाबणार, आणि तेव्हा ओट्यावर पुन्हा हीच चाळीस माणसं बसलेली असणार. त्यांत त्याचा सख्खा भाऊही होता.

“बापू, एक नंबर दोघांना गेला,” तो म्हणाला. “माही चूक आहे. हा नंबर राउटरचा असते. मी तुमाले देल्लता.”

“राउटर काय करते?”

“वेस आहे, बापू. बाहेर जाणारा हरेक जण त्याच्यातून जाते.”

“तो बंद पडला तं?”

“तं कोणीच बाहेर जाऊ शकत नाही.”

नाईकांनी काठीची मूठ चोळली. “अन् माही मशीन बंद पडली तं?”

कौसल्यानं नेमसिंगकडे पाहिलं. फुलचंदनं जमिनीकडे पाहिलं.

“काहीच अडत नाही, बापू,” नेमसिंग म्हणाला. “सारं चालते.”

नाईक उठले. त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला, चार घड्या घातल्या, पिशवीत टाकला आणि निघून गेले. काठीचा आवाज समाजमंदिराच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

नेमसिंगनं नाईकाच्या मशीनची तार काढली. एक नंबर राउटरलाच राहू दिला आणि बाकीच्या मशीनना नवी वेस सांगितली. दहा मिनिटांचं काम होतं. नेट आलं. चाळीसच्या चाळीस माणसांची नोंदणी दिवस मावळायच्या आत झाली, आणि माणसं एकेक करून त्याच्याकडे न पाहता घरी गेली.

हंसाबाईला बातमी त्याच्याआधी पोचली होती. तिनं पाणी दिलं, भाकर वाढली, आणि तो अर्धी भाकर खाईपर्यंत थांबली.

“तुमाले खरं बोलाले सोमवार जमला नसता का?” ती म्हणाली.

नेमसिंगनं उरलेली अर्धी भाकर संपवली. शनिवारी दोघं एकमेकांशी फक्त मांडव, गाद्या आणि साखर या विषयांवर बोलले. पुष्पा पुसदहून आली. तिला घरात कोणी काही सांगितलं नाही, पण एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत तिला सात जणींनी सगळं सांगितलं होतं. ती बापाला म्हणाली, की तिच्या दवाखान्यातही एकाच नंबरची दोन कार्डं निघाली होती, आणि तिथं कोणी खरं बोललं नाही म्हणून भलत्यालाच सलाईन लागलं. नेमसिंगला तिचं बोलणं आवडलं. त्यानं गुळाचं ताट मात्र त्यानंतर दोनदा घासलं.

रविवारी पाहुणे दहाला आले, दोन जीप भरून. नाईक नेहमी पाहुण्यांच्या आधी येऊन बसलेले असत, ती रीतच होती. त्यांच्यासाठी मांडलेली गादी रिकामी होती. अकरा वाजले. मुलाकडचा म्हातारा त्या गादीकडे पाही, मग नेमसिंगकडे पाही. फुलचंद दोनदा बाहेर जाऊन रस्ता पाहून आला. साडेअकराला मुलाच्या मामानं विचारलं, तुमच्या तांड्याला नाईक आहेत ना? आहेत, असं तिघे एकदम म्हणाले. नेमसिंगला वाटलं, तीन एकर गेले तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

बाराच्या सुमाराला काठीचा आवाज आला.

धावजी नाईक उंबऱ्याशी थांबले. एकोणीस वर्षांनी आले होते, तेव्हा घर एकदा नीट पाहून घेतलं. मग आत आले, पण गादीवर बसले नाहीत. सरळ गुळाच्या ताटाशी गेले, पिशवीतून रुमाल काढला, चार घड्या उलगडल्या आणि ताटावर पांघरला. दारातून आलेल्या उन्हात आरसे चमकले. हंसाबाईनं तोंडाला पदर लावला.

“धुवाले टाकलाता,” नाईक म्हणाले. “वाळाले येळ लागला. उदबत्तीचा वास जाऊन नाई राह्यलाता.”

नाईक खाली बसले, गादीवर नाही, ताटाजवळ, सतरंजीवर. गूळ फोडायला दगड हातात घेतला आणि नेमसिंगला जवळ बोलावलं.

“मले आता कोणता नंबर देल्ला?”

“अजून नाही देल्ला, बापू. जो म्हणसान तो देतो.”

“शेवटचा कोणता असते?”

“दोनशे चोपन्न.”

“तो दे.” त्यांनी पहिला घाव घातला, गुळाचे दोन तुकडे झाले. “बैलांवर मीठ लादून तांडा चालायचा, तवा माहा आजा सगळ्याइच्या मागून चाले. कोणाचा बैल बसला, कोणाची बाई राहून गेली, ते त्यालेच दिसे. समोर कोणी बी चालते.”

नेमसिंगनं व्हय म्हटलं.

नाईकांनी गूळ वाटला. आधी पाहुण्यांना, मग बायांना, मग लेकरांना, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांना. नेमसिंगच्या हातावर खडा ठेवताना ते त्याच्याकडे न पाहता म्हणाले, की त्या मशीनवर तांड्यातल्या पोरी शिकू देत, उगीच कायले उदबत्ती खाऊन राह्यली. सगळ्यांना मिळाल्याची खात्री झाल्यावर ताटात उरलेला चुरा त्यांनी चिमटीत घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. मग म्हणाले, सगाई झाली.